खासदारांची राखाडी गाडी

मी एक जुनी राखाडी मोटार आहे. माझी पाठ लांब आहे आणि माझे मागचे दार वरच्या अंगाला उघडते. सध्या माझा मुक्काम मोंत्रास गावाबाहेरच्या गवताच्या कोठारात आहे. माझ्या मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या निदान रोज येतात. पण मित्रांनो, एके काळी मी या मतदारसंघाच्या खासदारांची गाडी होते, आणि या डोंगराळ भागात असा एकही गोठा नसेल ज्याच्या दारात माझी चाके रुतली नाहीत.

माझा जन्म पॅरिसजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीवर चढून मी डोंगरात आले आणि ओरियाक शहरातल्या दुकानात काचेमागे उभी राहिले. एकोणीसशे चौसष्ट सालच्या वसंतात एक उंच, लाल मानेचा माणूस दुकानात शिरला. त्याने माझे इंजिन पाहिले नाही, रंग पाहिला नाही. सरळ मागचे दार उघडले आणि बुटांसकट आत आडवा झाला.

"साहेब, ही कुटुंबासाठी केलेली गाडी आहे," दुकानदार घाबरून म्हणाला.

"माझ्याही कुटुंबासाठीच घेतोय," आतून आवाज आला. "फक्त त्यातल्या काहींना शिंगं आहेत."

हे माझे मालक, पशुवैद्य रेमों दाल्मास. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. पुढली चार वर्षे माझ्यात वासरे ओढून काढायचे दोर, बादल्या, औषधाच्या बाटल्या आणि कधी कधी थंडीने काकडलेले एखादे वासरू असे. मला जंतुनाशकाचा, दुधाचा आणि तंबाखूचा मिळून एक वास लागला. तो आजही गेलेला नाही.

अडुसष्ट साली पॅरिसात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, राष्ट्राध्यक्षांनी तुमच्या लोकसभेसारखी जी आमची राष्ट्रीय सभा आहे ती बरखास्त केली, आणि निवडणूक लागली. आमचे जुने खासदार थकले होते. उजव्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष एस्तिव्हाल एका रविवारी अंगणात आले. डॉक्टर त्या वेळी माझे चाक बदलत होते. त्यांची बायको ओदेत वाटाणे सोलत दारात बसली होती.

"दाल्मास, तुम्हाला प्रत्येक शेतकरी ओळखतो," एस्तिव्हाल म्हणाले.

"त्यांच्या गायी मला जास्त ओळखतात."

"आणि गायींना मत नसतं," ओदेत म्हणाली. "रेमों, तुला भाषण करता येतं का?"

"नाही."

"मग उभा राहा. भाषणं करणारे पुष्कळ झाले."

असे आमचे राजकारण सुरू झाले. डॉक्टर जुन्या वळणाचे होते. रविवारची प्रार्थना, बापाची जमीन, शिस्त, आणि झालेले काम उगाच मोडायचे नाही, एवढ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या विरोधात डाव्यांकडून उभे होते गावच्या शाळेचे फेर्नां पुजे मास्तर. बुटके, चष्मा लावणारे, आवाज मात्र घंटेसारखा. गुरांच्या बाजारात डॉक्टर माझ्या उघड्या मागच्या दारात बसून लोकांशी बोलत, तेव्हा मास्तर गर्दीतून ओरडत.

"डॉक्टर, तुमचा पक्ष या भागाला औषध देणार की दावं?"

"आधी रोगी कोण ते सांगा, मास्तर! तुमचा घसा बसलेला दिसतोय!"

लोक पोट धरून हसत. डॉक्टर निवडून आले. पुढे त्र्याहत्तर सालीही आले. दोन्ही वेळा मास्तर हरले, आणि दोन्ही वेळा निकालानंतर टोपी काढून हात मिळवायला आले. हात मिळवताना ते म्हणत, "अभिनंदन. तुम्ही चूक आहात."

पॅरिसचे मला काही ठाऊक नाही. मी फक्त स्टेशनापर्यंतची. मंगळवारी सकाळी मी डॉक्टरांना सोडी आणि शुक्रवारी ओदेत मला घेऊन त्यांना आणायला जाई. पण शनिवारचा दिवस माझा असे. बाजारात चर्चजवळच्या झाडाखाली मला उभी करून डॉक्टर मागचे दार उघडत, फळीवर बसत, आणि समोर माणसांची रांग लागे. कुणाचे पेन्शन अडकलेले, कुणाच्या वाटेवरचा पूल वाहून गेलेला, कुणाचा मुलगा सैन्यात दूर पडलेला. आणि मधूनच कुणीतरी हळूच म्हणे, "ते सगळं राहू द्या डॉक्टर, आमचा बैल तीन पायांवर चालतोय." मग रांग तशीच ठेवून डॉक्टर बैल बघायला जात, आणि रांगेतला एकही माणूस कुरकुर करीत नसे. एका वर्तमानपत्राने माझा फोटो छापला होता. ओदेतने तो स्वयंपाकघरात लावला. मला धुऊन पुसून ती म्हणाली, "बघ, तू कार्यालय झालीस." मित्रांनो, ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग शहात्तर साल उजाडले. मोंत्रासच्या लहानशा दवाखान्यात बाळंतपणाचा एक कक्ष होता. वर्षाकाठी पुरेशी बाळे होत नाहीत, असे म्हणून आरोग्य खात्याने तो बंद करायचे ठरवले. गर्भवती बायकांनी यापुढे खिंड ओलांडून ओरियाकला जायचे. सरकार डॉक्टरांच्याच पक्षाचे होते. एस्तिव्हाल माझ्या पुढच्या बाकावर बसून त्यांना समजावत होते ते मी शब्दन्‌शब्द ऐकले.

"खिंडीतला रस्ता बारा महिने मोकळा ठेवू, असं खात्यानं लिहून दिलंय. तुम्ही फक्त गप्प राहा. राज्यमंत्र्यांच्या यादीत तुमचं नाव आहे, दाल्मास. कृषी खातं."

डॉक्टर बराच वेळ काच पुसत राहिले. काच स्वच्छ होती.

"बारा महिने?" त्यांनी विचारले.

"बारा महिने."

डॉक्टर गप्प राहिले. शनिवारी रांगेत बायका आल्या, त्यांना ते म्हणाले, "रस्ता मोकळा राहील, मला शब्द मिळालाय." मास्तर रांगेच्या शेवटी उभे होते. त्यांनी त्या दिवशी थट्टा केली नाही. एवढेच म्हणाले, "डॉक्टर, बर्फ कुठल्या पक्षाचा ते त्यांना विचारलंत का?" आणि निघून गेले.

शरद ऋतूत कक्षाला कुलूप लागले. जानेवारीत, एका सकाळी, वरच्या वस्तीवरचा ब्रूसाल नावाचा तरुण शेतकरी धावत आमच्या अंगणात आला. त्याची बायको मिरेय अडली होती. रुग्णवाहिका ओरियाकहून निघाली होती, पण खिंडीच्या पलीकडेच बर्फात अडकली होती. डॉक्टरांनी माझ्या चाकांना साखळ्या बांधल्या. ओदेतने घोंगड्या घेतल्या. वस्तीवरून मिरेयला मागच्या बाकावर निजवून आम्ही चढ चढू लागलो. समोर काही दिसत नव्हते. नुसते पांढरे.

खिंडीच्या अलीकडच्या वळणावर बर्फाची भिंत पडली होती. मी थांबले. मागे मिरेय कण्हत होती, पुढे तिचा नवरा डोळे मिटून देवाचे नाव घेत होता. डॉक्टर मागे आले, बाह्या सारल्या, आणि तसेच उभे राहिले. ज्या हातांनी हजारो वासरे बाहेर काढली, त्याच हातांनी ते तिचा खांदा थोपटू लागले.

"शांत राहा, हं, शांत, ये गं, ये..." ते पुटपुटू लागले.

"डॉक्टर!" मिरेय किंचाळली. "मी गाय नाहीये!"

"रेमों, तू बाजूला हो," ओदेत म्हणाली. "तिचं डोकं धर आणि तोंड बंद ठेव."

तिथेच, माझ्या मागच्या बाकावर, मुलगी जन्मली. ओदेतने तिला डॉक्टरांच्या कोटात गुंडाळले. मुलगी रडली तेव्हा ब्रूसालही रडला. पण मिरेयचे रक्त थांबेना. डॉक्टर आणि ब्रूसाल फावड्यांनी बर्फ उपसत सुटले. पलीकडून बर्फ ढकलणारे यंत्र येईपर्यंत उपसत राहिले. रुग्णवाहिकेत चढवताना मिरेयचा चेहरा बर्फासारखा दिसत होता. ती वाचली, पण तिला पुन्हा मूल होणार नव्हते.

परतताना डॉक्टर, ओदेत आणि मी, आम्ही तिघेच होतो.

"त्यांनी शब्द दिला होता," डॉक्टर म्हणाले.

"तो शब्द त्यांचा होता," ओदेत म्हणाली. "शनिवारी बायकांना दिलास तो तुझा."

त्या वसंतात आरोग्य खात्याचे विधेयक सभेत आले. लहान गावांतले असे कक्ष बंद करण्याला त्यात कायमची मान्यता होती. डॉक्टर मंगळवारी गेले, आणि शुक्रवारी परत आले ते राज्यमंत्री होऊन नव्हे. त्यांनी सभेत उभे राहून खिंडीतली हकीकत सांगितली आणि आपल्याच पक्षाच्या विरोधात मत दिले. वर्तमानपत्रांत इतका गवगवा झाला, की खात्याने मोंत्रासचा कक्ष पुन्हा उघडला. फक्त पुढच्या निवडणुकीपर्यंत, मग पाहू, असे म्हणाले.

पक्षाने डॉक्टरांचे तिकीट कापले आणि अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीसाठी पॅरिसहून एक देखणा तरुण पाठवला. पहिल्याच सभेत त्याने शेजारच्या जिल्ह्यातल्या चीजची तोंड भरून स्तुती केली. तरीही त्याच्यामागे पक्ष होता, पैसा होता, मंत्री येऊन भाषणे देत होते. डॉक्टरांकडे मी होते, आणि ओदेत होती. जुने मित्र रस्त्यात भेटले तर माझ्याकडे बघत, डॉक्टरांकडे बघत नसत. मला ते फार लागले. "डॉक्टर डाव्यांना सामील झाले," असेही कुणी पसरवले. ज्या माणसाने आयुष्यात लाल रुमाल घेतला नव्हता, त्याच्याबद्दल!

आमच्याकडे निवडणूक दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत तो तरुण पहिला आला. डॉक्टर दुसरे. मास्तर अगदी थोड्या मतांनी तिसरे. तिघांनाही दुसऱ्या फेरीत उभे राहता येत होते, आणि तिघे उभे राहिले तर तरुण निवडून येणार हे माझ्या कोंबड्यांनाही कळले असते. सोमवारी दुपारी मास्तर त्यांच्या फटफटीवरून अंगणात आले. डॉक्टर माझ्या बॉनेटला टेकून उभे होते.

"तुमचा पोस्टरवरचा फोटो फारच तरुणपणीचा आहे," मास्तर म्हणाले.

"तुमच्या पोस्टरवर तर फोटोच नाही, नुसत्या घोषणा."

"मी माघार घेतोय."

डॉक्टर सरळ उभे राहिले. "का?"

"माझी सून मे महिन्यात बाळंत होणार आहे. ओरियाकला जायला ती तयार नाही. खिंडीची गोष्ट तिनं ऐकलीय."

"मास्तर, मी तुमच्या बाजूला येणार नाही. एका मुद्द्यावरही नाही. जमीन, शाळा, देव..."

"आलात तर मी परत उभा राहीन," मास्तर कडाडले. "मला डाव्या विचारांचे दाल्मास नकोत. मला असलेच हवेत, हट्टी आणि चुकीचे, पण शब्द पाळणारे."

"मग तुमच्या लोकांना काय सांगणार? मला मत द्या म्हणून?"

"असं सांगितलं तर ते मला झाडाला टांगतील. मी सांगेन, त्या पोराला देऊ नका. उरलेली वजाबाकी त्यांना येते. मीच शिकवलीय."

डॉक्टर थोड्याशा मतांनी निवडून आले. कक्ष उघडा राहिला. मे महिन्यात मास्तरांना नातू झाला, आणि त्याला घरी न्यायला माझीच निवड झाली. त्या दिवशी मला एक गंमत जाणवली. आमच्या देशात चालक डावीकडे बसतो. त्यामुळे उजवे डॉक्टर डावीकडे बसले होते आणि डावे मास्तर उजवीकडे, आणि मधे बाळ असतानाही दोघे सरकारी करांवरून भांडत होते.

एक्याऐंशीमध्ये देशभर डाव्यांची लाट आली. तिच्यात डॉक्टर वाहून गेले, आणि पुजे मास्तर इतक्या वर्षांनी निवडून आले. डॉक्टर टोपी काढून त्यांच्या घरी गेले. "अभिनंदन," म्हणाले. "तुम्ही चूक आहात." मास्तर हसले आणि मग एकदम रडवेले झाले, कारण त्यांना पॅरिसची धास्ती वाटत होती.

पहिल्या मंगळवारी मास्तरांना स्टेशनवर सोडायला आम्हीच गेलो. त्यांच्या मांडीवर पुठ्ठ्याची पेटी होती. डॉक्टर वाटभर सूचना देत होते. कोणत्या खाणावळीत सूप गरम मिळते, सभागृहात कुठल्या बाकावर वारा लागतो, मंत्र्यांच्या कारकुनांशी मंत्र्यांपेक्षा गोड का बोलायचे. मग त्यांनी वेग कमी केला.

"आणि कक्ष?"

"त्याचं काय? आता आमचं सरकार आहे."

"तेव्हा आमचंही होतं, मास्तर."

मास्तर मांडीवरच्या पेटीची दोरी पुन्हा आवळू लागले. स्टेशनाचे छप्पर दिसू लागले. आगगाडी आली. पेटी उचलून ते दारात थबकले.

"रेमों," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच नावाने हाक मारली. "शुक्रवारी न्यायला येशील?"

"येईन की," डॉक्टर म्हणाले. "तू जे काही करून येशील ते ऐकायला तर हवं."

तीन वर्षांनी खजिन्यात खडखडाट झाला, आणि डाव्या सरकारनेही तोच प्रस्ताव काढला. मास्तरांनी सभेत आपल्या पक्षाविरुद्ध मत दिले. त्या शुक्रवारी ते आगगाडीतून उतरले तेव्हा डॉक्टर माझ्याशेजारी उभे होते.

"काढलं का तुला?" डॉक्टरांनी विचारले.

"पुढच्या वेळी तिकीट नाही म्हणाले."

"किती दिवस लागले त्यांना?"

"एकच बैठक. तुझ्या वेळी?"

"आमच्याकडे महिनाभर विचार चालला होता."

"बघ," मास्तर माझे दार उघडत म्हणाले, "डाव्यांचं काम जास्त तत्पर असतं."

दोघे इतके हसले की डॉक्टरांना गाडी सुरू करता येईना. घरी ओदेतने बटाट्यांत चीज वितळवून ठेवले होते, आणि एक माजी आणि एक लवकरच माजी होणारे असे दोन्ही खासदार कढईवरून भांडले.

त्या वेळी कक्ष वाचला, पण शेवटी नव्वद साली बंद झालाच. तेव्हा दोघांच्याही हातात काही उरले नव्हते. पण आज मोंत्रासच्या शाळेत सकाळी जी मुले आरडाओरडा करीत शिरतात, त्यांतली कितीतरी त्या खोलीत जन्मली. त्यांना हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असायला हवेच असेही नाही. खिंडीतली मिरेयची मुलगी मात्र जाता येता माझ्या टपावर थाप मारीत असे.

कक्ष बंद झाल्यावर तीन वर्षांनी, फेब्रुवारीत, डॉक्टर गेले. अंत्यविधीला माणसे चर्चमध्ये मावेनात. एस्तिव्हालही आले होते. पुजे मास्तर पन्नास वर्षांत चर्चची पायरी चढले नव्हते. ते बाहेर बर्फात, माझ्याशेजारी, टोपी हातात घेऊन उभे राहिले. थोड्या वेळाने ओदेत आतून बाहेर आली.

"फेर्नां, आत चल."

"ओदेत, मला ते जमणार नाही. त्यालाही आवडणार नाही."

"त्याला काय आवडेल ते मला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना सर्वांत पुढच्या बाकावर घेऊन गेली.

ओदेतची नजर अधू झाली, तेव्हा मला कोठारात आणून ठेवले. पुतण्यांनी मला विकायचे म्हटले, पण तिने ऐकले नाही. मात्र कुणी फिरकलेही नाही. चाकांतली हवा गेली. काचांवर जाळी झाली. माझ्या मागच्या दाराची बिजागरी गंजली. मित्रांनो, उपयोग संपल्यावर वाहनाला सर्वांत जास्त काय छळते, ते सांगू? गंज नव्हे. शांतता. माझ्यात इतके बोलणे झाले होते, की ही शांतता मला सोसवत नसे.

मग एका रविवारी कोठाराचे दार करकरले. काठी टेकत मास्तर आत आले. माझे उजवे दार ओढून ते बसले. चालकाच्या जागेवर ते कधीच बसत नाहीत, कारण त्यांना मोटार चालवता येत नाही. त्यांनी खिशातून वर्तमानपत्र काढले, चष्मा पुसला आणि राष्ट्रीय सभेतल्या बातम्या मोठ्याने वाचू लागले. तेव्हापासून ते दर रविवारी येतात. एक बातमी वाचतात, डावीकडच्या रिकाम्या जागेकडे वळतात, आणि आपले मत ठणकावून सांगतात. मग उत्तरासाठी थांबतात.

मागच्या रविवारी त्यांनी करांविषयीचे काहीतरी वाचले आणि म्हणाले, "बोल आता. यावर तुझं काय म्हणणं?" मागच्या बाकावरची कोंबडी ओरडली. "तू गप्प बस," मास्तर म्हणाले, "तुला मत नाही." आणि ते हसले. पण हसणे अर्ध्यावर थांबले. पेपराची घडी घालून ते तसेच बसून राहिले. मी मोटार आहे. उत्तर द्यावेसे मला किती वाटले, पण उजव्या बाजूचे काय आणि डाव्या बाजूचे काय, मला बोलता येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. एखादे जुने वाहन कुठे उभे दिसले, तर त्याच्या चाकांत थोडी हवा भरा, काच पुसा. ते जमले नाही तरी मी रागावणार नाही. पण तुमच्याशी मनापासून भांडणारे, तुम्हाला तोंडावर चूक म्हणणारे आणि तरीही स्टेशनवर न्यायला येणारे माणूस तुम्हाला मिळाले, तर त्याला जपा. त्याच्याशी बोलायचे पुढच्या रविवारवर ढकलू नका. तो शेजारी बसला आहे तोवर मनसोक्त भांडून घ्या.